अंतरा संपल्यानंतर

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. माझी मावसबहीण अकोल्याला, जुन्या शहरात दिलेली. मी तिला आपा म्हणते. तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागं कालनिर्णय टांगलेलं असायचं. दूधवाल्याचे खाडे, गॅसचा नंबर कधी लावला, पोरींच्या शाळेची फी, सगळं त्याच्यावर लिहिलेलं. आणि दर महिन्याला कुठल्या तरी एका तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेलं एक बारीक टिंब. त्या टिंबाचा अर्थ घरात फक्त तिलाच ठाऊक. १९९७ च्या सप्टेंबरात मी अमरावतीहून तिच्याकडे गेले, तेव्हा दूधवाला होता, गॅस होता, फी होती. टिंब मात्र वर्षभरात एकही नव्हतं.

आपाला दोन मुली. दुसरीच्या नंतर थोडी उसंत हवी होती. गोळी रोज घ्यायची तर सासूच्या नजरेला पडणार, तांबीची भीती वाटायची. कुणीतरी सांगितलं की तीन महिन्यांची एक सुई मिळते, कुणाला कळतही नाही. एका खाजगी दवाखान्यात जाऊन तिनं वर्षभरात चार सुया घेतल्या. स्वतःच्या शिवणकामाच्या पैशातून. शेवटची १९९६ च्या ऑक्टोबरात. "सोडली की सगळं पहिल्यासारखं होईल," एवढंच तिला सांगण्यात आलं होतं. कधी होईल, हे कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

मग महिने जात राहिले. आधी दिवस गेले असं वाटलं, तपासणीत तसं काही नव्हतं. मग गूळ-तिळाचा काढा झाला, कच्ची पपई झाली, दर्ग्यावर चादर झाली. सासूबाई शेजारणीपाशी म्हणाल्या, "सुई ने कोख बंद कर दी." ही गोष्ट मोहल्ल्यात फिरायला किती वेळ लागतो? आठव्या महिन्यात घरात दुसऱ्या निकाहाचा विषय निघाला. मी गेले त्या रात्री आपा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आतमध्ये रक्त साचत असेल का गं? फुटेल का ते एखाद दिवशी?"

मी कविता लिहिणारी बाई. बी.ए. मराठी. माझ्यापाशी तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पुढं अनेक वर्षं मी ते शोधत राहिले. आज तेच तुमच्यापुढं मांडते आहे.

रिद्धपूरची आठवण

आपल्या वऱ्हाडात पाळीबद्दल बोलायची रीत नाही, असं म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे आपलं गाव. तिथं तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ. त्यात विटाळाच्या शंकेनं बावरलेल्या शिष्येला स्वामी समजावतात, त्याचा आशय असा की नाकाला शेंबूड येतो, कानात मळ होतो, तशीच ही शरीराची एक वाट आहे, हिचा विटाळ कसला मानायचा? सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या बायका हे ऐकत होत्या, प्रश्न विचारत होत्या आणि त्यांना उत्तर मिळत होतं.

पुढं ते बोलणं थांबलं. कावळा शिवला, बाहेर बसली, अशा आडवाटेच्या शब्दांत ते लपलं. आमच्या मुसलमान घरांतही तेच. पण बोलणं थांबलं तरी मोजणं थांबलं नाही. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, ती नंतर भरून द्यावी लागत नाही. रोजे मात्र सुटले तेवढे रमजाननंतर ठेवावे लागतात. तलाक झालेल्या बाईची इद्दत तीन पाळ्यांनी मोजतात. वयामुळं पाळी थांबली असेल तर तीन महिन्यांनी. नेमानं येणारं रक्त म्हणजे हैज आणि अवेळी येणारं ते इस्तिहाजा, असा बारीक भेद आमच्या धर्मशास्त्राच्या किताबांत केलेला आहे, त्याची स्वतंत्र प्रकरणं आहेत. घरोघरी एखादी खाला असते, ती तरण्या पोरींना हा हिशेब समजावते.

हे अशासाठी सांगते, की पाळी म्हणजे फक्त शरीराची घडामोड नव्हे. ती बाईची पंचांगातली तिथी आहे. तिच्यावर उपास, रोजे, माहेरी जाणं, मूल हवं-नको, सगळं बांधलेलं. ती तिथी एकाएकी पुसली गेली तर बाईच्या पायाखालची जमीन हलते. आणि ती का पुसली गेली, कधी परत येईल, हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसेल तर तिला फसवलं गेल्यासारखं वाटतं.

उशिरातून जन्मलेलं औषध

ह्या सुईचं शास्त्रीय नाव डेपो मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असिटेट. बाजारात ती 'डेपो-प्रोव्हेरा' म्हणून ओळखली गेली. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीनं ती बनवली. पण सुरुवातीला ती पाळणा लांबवण्यासाठी नव्हतीच. गर्भ टिकावा म्हणून, वेळेआधी होणारं बाळंतपण थांबावं म्हणून ती वापरून पाहिली जात होती.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या एल्सिमार कुतिन्यो नावाच्या डॉक्टरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अकाली बाळंतपण थांबवण्यासाठी ज्या बायकांना हे औषध दिलं होतं, त्यांना पुढं बराच काळ पुन्हा दिवस जात नव्हते. त्यांच्या शरीराची घडी उशिरानं पूर्ववत होत होती. ह्याच निरीक्षणातून गर्भनिरोधक सुईची कल्पना पुढं आली.

श्रोतेहो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गप्प बसले होते. जो उशीर माझ्या आपाला कुणी सांगितला नाही, त्या उशिरातूनच ह्या औषधाचा जन्म झाला होता! तो काही नंतर कळलेला दोष नव्हता. तो पहिल्या दिवसापासून माहीत होता.

आता हे घडतं कसं, ते साध्या शब्दांत सांगते. हे औषध बारीक स्फटिकांच्या रूपात स्नायूत टोचतात. खडीसाखरेचा खडा पाण्यात हळूहळू विरघळावा, तसं ते महिनोन्‌महिने रक्तात उतरत राहतं. मेंदूच्या तळाशी पियूषिका नावाची ग्रंथी असते, ती बीजांडकोशाला दर महिन्याला हुकूम धाडते. औषध असेपर्यंत हा हुकूम निघत नाही. स्त्रीबीज तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला जाड होतं आणि गळून पडतं, ती पाळी. इथं अस्तर पातळच राहतं, त्यामुळं गळायला काही नसतं. म्हणजे आपाच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आत रक्त साचत नाही. ते तयारच होत नाही.

सुरुवातीचे काही महिने बऱ्याच जणींना अवेळी डाग दिसतात, कुणाला जास्त दिवस जातं. वर्षभर सुई घेतली की निम्म्याहून अधिक बायकांची पाळी बंद होते. दोन वर्षांनी हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या वर जातं. सुई सोडली की खडा पूर्ण विरघळेपर्यंत वाट पाहावी लागते. साधारण निम्म्या बायकांची पाळी शेवटच्या सुईपासून सहा महिन्यांच्या आत नेमानं सुरू होते. पण सुमारे चौथाई बायकांना वर्षभर थांबावं लागतं. आपा ह्या चौथाईतली होती. ती आजारी नव्हती, वांझ तर नव्हतीच.

अटलांटा, अलाबामा आणि चियांग माई

अपजॉन कंपनीनं गर्भनिरोधक म्हणून परवानगीसाठी अमेरिकी सरकारकडे अर्ज केला १९६७ साली. ती मिळाली १९९२ साली. मधली पंचवीस वर्षं वादात गेली. कुत्र्यांवरच्या प्रयोगात स्तनात गाठी दिसल्या, माकडांत गर्भाशयाचा कर्करोग दिसला. १९७८ मध्ये अर्ज फेटाळला गेला. तरीही ह्या काळात अटलांटा शहरातल्या ग्रेडी इस्पितळात हजारो बायकांना ती सुई देण्यात आली. त्यातल्या बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय होत्या. अलाबामा राज्यात रेल्फ आडनावाच्या दोन कृष्णवर्णीय बहिणी होत्या, चौदा आणि बारा वर्षांच्या. त्यांना आधी ही सुई दिली गेली आणि १९७३ मध्ये तर त्यांची नसबंदीच करण्यात आली. लिहिता न येणाऱ्या त्यांच्या आईनं कागदावर फुली मारली होती. तिला वाटलं होतं, मुलींना आणखी सुया देण्यासाठीच तो कागद आहे. पुढं हे प्रकरण कोर्टात गेलं आणि सगळ्या देशात गाजलं.

दुसऱ्या बाजूला थायलंडमधल्या चियांग माईचं उदाहरण आहे. तिथल्या मॅककॉर्मिक इस्पितळात १९६५ पासून डॉ. एडविन मॅकडॅनियल ही सुई देऊ लागले. खेड्यापाड्यातल्या बायकांनी ती मोठ्या संख्येनं घेतली. पण तिथं एक महत्त्वाचं काम झालं. सुई सोडलेल्या बायकांचं पुढं काय झालं, ह्याचा नेटानं माग ठेवला गेला. तो अभ्यास १९८० साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेवटच्या सुईचा अंमल संपल्यावर ज्यांना मूल हवं होतं, त्यांतल्या निम्म्या जणींना साडेपाच महिन्यांत दिवस गेले. म्हणजे शेवटच्या सुईपासून मोजलं तर जवळजवळ नऊ महिने. फार वर्षं सुई घेतली म्हणून उशीर जास्त झाला, असंही दिसलं नाही.

म्हणजे १९८० साली जगाला ही आकडेवारी ठाऊक होती. आपानं पहिली सुई घेतली ती त्यानंतर सोळा वर्षांनी. चियांग माईहून अकोल्यापर्यंत औषध पोहोचलं, आकडे पोहोचले नाहीत.

पाटणचेरूच्या बायका

आपल्या देशात ह्या वादाची सुरुवात दुसऱ्या एका सुईपासून झाली. नेट-एन नावाची, दोन महिन्यांनी घ्यायची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद तिच्या चाचण्या घेत होती. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी शिबिर भरलं. गोरगरीब बायका जमल्या. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथं पोहोचल्या आणि त्यांनी त्या बायकांना एवढंच सांगितलं, की हे अजून चाचणीतलं औषध आहे आणि त्याचे असे असे परिणाम होऊ शकतात. ते ऐकल्यावर बहुतेक बायका सुई न घेताच घरी निघून गेल्या.

मला ह्या प्रसंगाचं फार मोल वाटतं. त्या बायका अडाणी होत्या, त्यांना समजावून काही उपयोग नाही, असं समजणाऱ्यांना त्यांनी पायांनी उत्तर दिलं. समजलं, म्हणून त्या निघून गेल्या. नीट समजलं असतं आणि पटलं असतं, तर त्यांतल्या काही थांबल्याही असत्या. ते ठरवणं त्यांचं होतं.

१९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली, अहमदाबादची चिंगारी आणि इतरांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल केला. हा खटला चौदा वर्षं चालला. तो चालू असतानाच, १९९३ मध्ये, डेपो-प्रोव्हेराला खाजगी वापरासाठी परवानगी मिळाली. १९९५ मध्ये औषधविषयक तांत्रिक सल्लागार मंडळानं मत दिलं, की सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात ही सुई आणू नये, परिणामांची पूर्ण जाणीव असलेल्या स्त्रियांपुरताच तिचा वापर असावा. २००० साली सरकारनंही न्यायालयात सांगितलं, की नेट-एनचा सरसकट वापर योग्य नाही. जिथं नीट तपासणी, समुपदेशन आणि पुढची देखरेख होईल, तिथंच तिचा विचार करता येईल.

कागदावर पाहा, किती चांगली अट आहे ही. परिणामांची पूर्ण जाणीव असलेली स्त्री! पण आपाला ती जाणीव कोण देणार होतं? खाजगी दवाखान्यात पैसे घेतले, सुई टोचली, पुढची तारीख दिली. कायदा दिल्लीत राहिला, सुई अकोल्यात आली.

न सांगितल्याची किंमत

आपल्या महाराष्ट्रात तर सांगण्याची फार मोठी परंपरा होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ह्या कामापायी कॉलेजातली नोकरी गेली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यांच्यावर खटले झाले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांच्या बाजूनं बॅरिस्टर म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागंही बाबासाहेबच होते. ठराव पडला. पण ह्या सगळ्यांचा आग्रह एकच होता, की बाईला तिच्या शरीराविषयी उघडपणे माहिती मिळाली पाहिजे.

पुढं कुटुंब नियोजन सरकारी झालं आणि माहितीची जागा उद्दिष्टांनी घेतली. किती केसेस झाल्या, एवढंच विचारलं जाऊ लागलं. १९७६ मध्ये आणीबाणीत तर आपल्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण त्या दोन वर्षांची भीती घराघरात राहिली. आमच्या मोहल्ल्यात नंतर कितीतरी वर्षं सरकारी जीप आली की आजी मुलांना घरात ओढायची. अशा घरात कुणी सुई घेतली, पाळी बंद झाली, सुई सोडूनही ती आली नाही, तर लोक काय म्हणतील? "हे आम्हाला संपवायला निघालेत." अफवेला पाय नसतात असं म्हणतात. मला वाटतं तिला पाय असतात आणि ते आपण न सांगितलेल्या खऱ्या गोष्टींचे असतात.

धर्माचं म्हणाल तर आमच्या जुन्या फकीहांनी संततिनियमनावर हजार वर्षांपूर्वीपासून चर्चा केलेली आहे. त्या काळचा मार्ग होता 'अज्ल', म्हणजे पुरुषानं आवर घालणं. इमाम गझालींनी त्याला परवानगी दिली. आणि अनेक फकीहांनी एक अट घातली, बायकोची संमती हवी. कारण मुलावर तिचाही हक्क आहे. जुन्या किताबांना जी अट सुचली, ती आपल्या काळातल्या दवाखान्यांना जड जावी, ह्याचं मला नवल वाटतं.

गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला, तेव्हा जग हादरलं. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि फारच थोड्या जणी कधी डॉक्टरकडे गेल्या होत्या. दुखतं ते सांगायचं नाही, हे आपण मुलींना शिकवलं. पण इथं तर उलट आहे. बाई गप्प होती हे खरं, दवाखानाही गप्प होता.

पाच मिनिटं

आपाचं पुढं काय झालं, ते सांगते. त्याच सप्टेंबरात मी तिला एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सुई घेतली होती का?" आपानं मान खाली घालून होकार दिला. बाईंनी दिवस गेलेले नाहीत ह्याची पुन्हा खात्री केली, तपासलं आणि कागदावर गर्भाशयाचं चित्र काढून समजावलं. पाच मिनिटं लागली असतील. शेवटी म्हणाल्या, "बेटा, घर जुनं झालं म्हणून दार बंद नाही. किल्ली यायला उशीर आहे. सासूबाईंना घेऊन ये, त्यांनाही सांगते."

सासूबाई आल्या. त्यांनाही पाच मिनिटं. परतताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या निकाहाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. नोव्हेंबरात कालनिर्णयावर टिंब उमटलं. १९९९ मध्ये आपाला तिसरी मुलगी झाली. सासूबाईंनीच तिच्या कानात अजान द्यायला मौलवींना बोलावलं.

तीच पाच मिनिटं वर्षभर आधी, सुईच्या आधी मिळाली असती तर?

आता अंतरा

ऑगस्ट २०१५ मध्ये औषध सल्लागार मंडळानं ही सुई सरकारी कार्यक्रमात आणायला मान्यता दिली. स्त्री संघटनांनी तेव्हाही हरकत घेतली. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत ती 'अंतरा' ह्या नावानं सुरू झाली, मोफत. आमच्या अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग, व्हाइसरॉयांच्या बायकांची नावं अजून जिभेवर असलेल्या ह्या सरकारी स्त्री रुग्णालयांच्या ओळीत बसलेली बाई ही सुई मागू शकते.

तिची संख्या मोठी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी एक टक्काही ही पद्धत वापरत नव्हत्या. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या जणींनी शस्त्रक्रियाच केलेली होती. ज्या बाईला पाळणा थांबवायचा नाही, फक्त लांबवायचा आहे, तिच्यासाठी आणखी एक मार्ग असणं वाईट नाही. पाळी कमी झाल्यानं रक्त वाचतं, अंगावर पाजणाऱ्या आईला बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर ती घेता येते, ती घरात लपवता येते. कुणाकुणाला हे लपवणंच फार मोलाचं असतं. दुसऱ्या बाजूला, वापर चालू असताना हाडांची घनता काहीशी घटते. २००४ पासून अमेरिकेत ह्या औषधावर तसा ठळक इशारा छापलेला असतो. सोडल्यावर ती बहुतांशी भरून निघते. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात असंही दिसलं, की वर्षाहून जास्त काळ ही सुई घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाची एक गाठ होण्याचा धोका वाढतो. ती गाठ मुळात दुर्मीळ आणि बहुधा कर्करोगाची नसते, पण हेही विचारून घ्यावं.

आणि सुई सोडणाऱ्या प्रत्येक बाईला चार गोष्टी माहीत असाव्यात. पहिली, गर्भ राहण्याची क्षमता परत येते. आपल्या सरकारी मार्गदर्शिकेतच शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने असा काळ दिला आहे. अमेरिकेतल्या नोंदीप्रमाणं दिवस गेलेल्यांपैकी अडुसष्ट टक्के बायकांना शेवटच्या सुईपासून वर्षभरात आणि त्र्याण्णव टक्क्यांना दीड वर्षात दिवस गेले. ज्यांना लवकरच मूल हवं आहे, त्यांनी हे आधीच लक्षात घेऊन दुसरी पद्धत निवडावी. दुसरी गोष्ट फसवी आहे. पाळी येण्याआधी स्त्रीबीज तयार होतं. म्हणजे सुई सोडल्यावर पाळी आली नाही, तरी दिवस जाऊ शकतात. पाळी नाही म्हणून आपण सुरक्षित, असं मानू नये. भरवसा तीन महिन्यांचाच, उशीर मात्र त्याहून लांब. तिसरी, पाळी परत येताना सुरुवातीला अनियमित असू शकते, कमी-जास्त जाऊ शकते. तिला थोडा वेळ द्यावा. चौथी, वर्ष उलटूनही पाळी आली नाही, फार रक्त जात असेल, पोटात दुखत असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर काढे करत बसू नये. डॉक्टरकडे जावं. प्रत्येक गोष्टीचं खापर सुईवर फोडलं तर थायरॉइड किंवा गर्भाशयाचा क्षय असलं खरं कारण मागं राहून जातं.

मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बाईचं चित्र माझ्या डोळ्यांपुढं येतं. होळीनंतर कुटुंब कामाच्या शोधात गाव सोडतं. सुईची पुढची तारीख येते तेव्हा ती कुठल्या तरी वीटभट्टीवर असते. तिला तारीख सांगून भागत नाही. तारीख चुकली तर काय, सोडली तर काय, पाळी नाही आली तर काय, हे तिच्या बोलीत सांगावं लागतं. आशाताईंना हे जमतं, कारण त्या तिथल्याच असतात. त्यांच्या हातात सुईच्या हिशेबाइतकाच बोलण्यालाही वेळ द्यायला हवा.

'अंतरा' हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण मला ते आवडलं. दोन मुलांतलं अंतर, असा त्याचा अर्थ असणार. माझ्यासारखीला मात्र गाण्यातला अंतरा आठवतो. अंतरा गाऊन झाला की गायक ध्रुवपदावर परत येतो. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून अंतरा लांबला तरी तो अस्वस्थ होत नाही. ज्याला गाण्याची ही घडण कुणी सांगितलेलीच नाही, त्याला वाटतं, गाणं हरवलं.

आपाची धाकटी लेक आता अमरावतीत संसार करते. परवा तिनं मला फोन केला. म्हणाली, "खाला, डफरीनमधल्या सिस्टरनं अंतराबद्दल सांगितलंय. घेऊ का?" मी म्हटलं, "घे किंवा नको घेऊस, ते तुझं तू ठरव. पण सोडल्यावर पाळी कधी येते, हे त्यांना विचारलंस का?"

ती हसली. म्हणाली, "अम्मीनं आधी तेच विचारायला लावलं."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)